कोंबड्या राखायला बंदूक कोणती?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मागच्या पावसाळ्यात एक तरुण माझ्याकडे आला. निफाड तालुक्यातला, गोदाकाठचा. नोकरीच्या मागे न लागता त्याने घरच्या मळ्यात गावरान कोंबड्यांचा व्यवसाय सुरू केला होता. तीनशे पक्षी होते. आठवड्यात त्यातले एकोणीस गेले होते. चहा पुढे आला तसा त्याने विषय काढला. "काका, तुमच्याकडे बंदूक आहे म्हणून विचारायला आलो. मला पहिलीच घ्यायचीय. कोणती घेऊ? कोंबड्या पण राखल्या जातील आणि कधीमधी ससा-तित्तर पण मिळेल, अशी एकच सांगा."

प्रश्न साधा होता. पण त्याचे उत्तर द्यायला मला दोन तास लागले. तेच आज थोडक्यात तुमच्यापुढे मांडतो, कारण हा प्रश्न मला याआधीही अनेकांनी विचारला आहे.

प्रथम बंदुकीबद्दलच बोलू. आपल्याकडे सामान्य माणसाला परवान्यावर मिळू शकतात अशा बंदुका मोजक्याच. बाराबोअरची एकनळी किंवा दुनळी, पॉइंट बावीसची रायफल आणि तीनशे पंधराची रायफल. जुन्या लोकांकडे ठासणीची असते. मळ्यासाठी या सगळ्यांत रायफल सर्वांत वाईट. पॉइंट बावीसची गोळी चिमुकली दिसते, पण ती दीड किलोमीटरवरच्या माणसालाही इजा करू शकते. तीनशे पंधराची त्याहून कितीतरी लांब जाते. निफाडसारख्या सपाट मुलखात, जिथे दर चार वावरांमागे एक वस्ती आहे, तिथे रायफलची गोळी कुठे जाऊन थांबेल हे कोणी सांगावे?

बाराबोअरच्या काडतुसात छर्रे असतात. काडतुसावरचा आकडा जितका मोठा, तितका छर्रा बारीक. सहा नंबरचा छर्रा तीस-पस्तीस मीटरपर्यंत कामाचा, पण त्याचा धोका दोनशे मीटरपर्यंत राहतो. म्हणून कुणाला घ्यायचीच असेल, तर साधी एकनळी बरी. हलकी असते, उघडून नळी रिकामी आहे का हे एका नजरेत कळते, आणि एकच काडतूस असल्यामुळे माणूस विचार करून चाप ओढतो. दस्ता आपल्या हाताच्या लांबीला जुळतो का, हे खांद्याला लावून पाहावे. हे झाले दुकानातले.

पण दुकानाआधी कचेरी येते. शस्त्र कायदा १९५९ चा. अर्जदाराचे वय एकवीस पूर्ण हवे. ग्रामीण भागात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, नाशिक शहरात पोलीस आयुक्तांकडे. मग पोलीस चौकशी. २०१६ च्या नियमांप्रमाणे शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो आणि घरात ते कुलपात ठेवण्याची सोय दाखवावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आणि एका माणसाला दोनच शस्त्रे ठेवता येतात.

त्या तरुणाच्या बाबतीत आणखी एक अडचण होती आणि ती त्याला ठाऊक नव्हती. त्याचा मळा नांदूरमध्यमेश्वरपासून सात-आठ किलोमीटरवर. हे अभयारण्य १९८६ सालचे, २०२० साली ते राज्यातले पहिले रामसर स्थळ झाले. वन्यजीव कायदा सांगतो की, अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. गोदाकाठच्या किती गावांना हे लागू पडते, ते नकाशा घेऊन बघा.

तो म्हणाला, "मग एअरगन घेतो. तिला परवाना लागत नाही." खरे आहे. साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या आणि ठरावीक ताकदीच्या आतल्या छर्ऱ्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही. पण परवाना लागत नाही याचा अर्थ ती कशावरही चालवावी, असा नव्हे. ती पत्र्याच्या डब्यावर नेम धरायला ठीक. तिने कोल्हा मरत नाही. छर्रा अंगात घेऊन तो पळतो आणि कुठेतरी बांधाआड महिनाभर कुजत राहतो.

आता ससा-तित्तराचे. आमच्या लहानपणी खळ्यावर शिकारीच्या गोष्टी रंगत. माझ्या वडिलांच्या दुनळीने किती लावे पाडले, हे मोजायला मी सोबत असे. ते दिवस संपले, आणि कायद्यानेही संपले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला शिकारीचे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीने तेही गेले. ससा, तित्तर, कोल्हा, रानमांजर, मुंगूस, बिबट्या ही सगळी संरक्षित प्राण्यांची यादी आहे. पहिल्या अनुसूचीतला प्राणी मारला तर कमीत कमी तीन वर्षे आणि जास्तीत जास्त सात वर्षे कैद आहे. शिवाय 'शिकार' या शब्दात केवळ गोळी येत नाही. फासा लावणे, विष घालणे, सापळा रचणे, इतकेच काय तसा प्रयत्न करणे, हेही शिकारच. गुन्हा शाबित झाला की बंदूक जाते, आणि न्यायालय परवानाही रद्द करू शकते.

"पण माझं नुकसान होतंय ना, काका!" तो कळवळून म्हणाला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. एकोणीस कोंबड्या म्हणजे त्या घरचा महिन्याचा किराणा. पण कायद्याने सूट दिली आहे ती माणसाचा जीव वाचवण्यासाठी. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर बेतले असताना शुद्ध हेतूने प्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही. कोंबडी वाचवण्यासाठी ही सूट नाही. रानडुक्कर आणि रोही पिकाची नासाडी करतात, त्यांच्यासाठी आपल्या राज्यात वनखात्याच्या परवानगीची वेगळी वाट आहे. खुराड्यासाठी तशी वाट नाही. आणि भटका कुत्रा मारला, तरी फौजदारी गुन्हा होतोच.

यावर तो गप्प बसला. मग मी त्याला, आजवर घराबाहेर फारसे कुणाला न सांगितलेले सांगितले.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. वडिलांची दुनळी वारसाने माझ्या नावावर झाली होती. तेव्हा माझ्याकडेही दीडशे तलंगा होत्या. सलग चार रात्री दोन-दोन पक्षी मरत होते. पाचव्या रात्री मी बंदूक घेऊन ओट्यावर बसलो. दोनच्या सुमारास कोंबड्या फडफडल्या. बॅटरी मारली, तर कांद्याच्या वाफ्यापलीकडे, बांधावर, दोन डोळे चमकले. मी बंदूक खांद्याला लावली. खटका सरकवला. बोट चापावर गेले.

तेवढ्यात कोणीतरी खोकले.

शेजारच्या वस्तीवरचा पोरगा होता, अकरावीतला. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची होती, म्हणून तो कांद्याला पाणी भरायला आलेला. सेल संपू नये म्हणून बॅटरी विझवून बांधावर बसला होता. चमकले ते त्याच्या कुत्र्याचे डोळे. कुत्रा त्याच्या मांडीला टेकून बसला होता.

मी काही बोललो नाही. आत येऊन काडतुसे काढली आणि पहाटेपर्यंत तसाच बसलो. तो पोरगा आज दोन लेकरांचा बाप आहे. त्याला यातले काही माहीत नाही. रात्री मळ्यात डोळे चमकतात ते फक्त श्वापदाचे नसतात, एवढे त्या रात्री मला कळले. रात्रीचे पाणी भरणारी माणसे आपल्या शिवारात अजूनही आहेत.

सकाळी नीट पाहिले तेव्हा चोर सापडला. शेड धुतल्यावर पाणी जायला जो पाइप ठेवला होता, त्यातून मुंगूस आत येत होते. पाइपाच्या तोंडाला जाळी बसवली आणि चोरी थांबली. ज्यासाठी मी एका पोराचा जीव घेणार होतो, ते काम वीतभर जाळीचे होते.

म्हणून त्या तरुणाला म्हटले, बंदूक नंतर, आधी चोर कोण ते ओळखू. दुसऱ्या दिवशी त्याच्या मळ्यावर गेलो. मुंगूस लहानशा भोकातून शिरते, मानेला चावते आणि पक्षी बाहेर नेता आला नाही तर तिथेच टाकते. कोल्हा आणि रानमांजर बहुधा पक्षी उचलून नेतात, मागे पिसांची रांग राहते. मोकाट कुत्री जाळी फाडतात, दिसेल तो पक्षी मारतात आणि खात काहीच नाहीत. घार आणि शिक्रा दिवसा येतात, तेही पिलांसाठी. अंडी जात असतील तर आधी उंदीर-घुशी आणि सापाचा संशय घ्यावा. शेडभोवती संध्याकाळी राख किंवा बारीक माती पसरून ठेवली, की सकाळी पावलेच साक्ष देतात.

त्याच्याकडे पावले निघाली कुत्र्यांची. आणि कुत्री का येत होती, तेही पन्नास पावलांवर दिसले. त्याची आणि शेजारच्या ब्रॉयलर शेडची मरतुक नाल्यात टाकली जात होती. रोज आयते जेवण. आधी नाला, मग खुराडे. आणि कुत्र्यांच्या मागे कोण येते, हे नाशिककरांना सांगायला नको. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. म्हणजे नाल्यात टाकलेली मेलेली कोंबडी बिबट्यालाच निमंत्रण देते. मरतुक खोल खड्ड्यात, वर चुना टाकून, पुरलीच पाहिजे.

बाकीचे काम गवंड्याचे आणि वेल्डरचे. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडी आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. खालच्या चार फुटांना अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी हवी. ती जमिनीशी संपवू नये. फूट-दीड फूट बाहेरच्या अंगाला वळवून मातीखाली दाबावी. उकरणारा जनावर कुंपणाच्या बुडाशी उकरते, दोन फूट मागे सरून उकरायचे त्याला सुचत नाही. मोकळ्या आवारावर पिलांपुरते तरी नायलॉनचे जाळे टाकावे. दाराला साधी कडी न लावता खिट्टी घालावी. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, दिवेलागणीला मोजून पक्षी आत घ्यावेत. काही जण शेडमध्ये रात्रभर रेडिओ लावून ठेवतात. आकाशवाणीवरून बोलतो आहे म्हणून त्याची स्तुती करीत नाही. चार दिवस उपयोग होतो, मग श्वापदालाही निवेदकाची ओळख होते.

बिबट्या शेडपाशी आलाच, तर दार लावून घरात बसावे, पोरांना बाहेर सोडू नये आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. बंदूक घेऊन उसात शिरण्याचा शहाणपणा करू नये. जखमी बिबट्या सगळ्या गावाला भारी पडतो.

बंदूक घरात असली तर तिचेही एक ओझे असते. नळी रिकामी, काडतुसे वेगळ्या कुलपात, किल्ली आपल्या कमरेला. घरात लहान मूल असेल, भाऊबंदकीचा वाद असेल, कुणाला दारूची सवय असेल किंवा कुणाचे मन कर्जापायी खचलेले असेल, तर ती घरात आणण्याआधी शंभरदा विचार करा. आणि निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस आली, तर ती द्यावीच लागते. तेवढे दिवस कोंबड्या कोण राखणार? जाळीच ना?

तो तरुण दिवाळीला भेटला. जाळीचे काम झाले होते, नाल्याबद्दल शेजाऱ्याशी जरा भांडण झाले होते, पण खड्डा दोघांनी मिळून खणला. महिन्यात एकच पक्षी गेला, तोही घारीने नेला. मी विचारले, "मग, परवान्याचा अर्ज केलास का?"

तो हसला. म्हणाला, "नाही काका. आता माझा मोठा रात्री पाणी भरायला जायला लागलाय."