ठराव झाला, पुढं काय?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. सूतगिरणीच्या रिंग खात्यात तीस वर्षं काढलेला कामगार आहे. शाळा दहावीला सुटली. पुढं जे वाचलं ते पाळी संपल्यावर, याच विहाराच्या कपाटातलं. समितीनं मला विषय दिला, ‘नगरपालिका आणि आपली वस्ती’. कुणी म्हणेल, वर्धापनदिनाला गटारी आणि निधीच्या गोष्टी कशाला? पण बंधूंनो, आपल्या चळवळीची पहिली मोठी लढाई एका नगरपालिकेच्या ठरावावरूनच झाली, हे आपण विसरतो.

4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव पास झाला. सरकारी पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. त्याला धरून 1924 साली महाड नगरपालिकेनंही ठराव केला आणि चवदार तळं खुलं झालं. म्हणजे कागदावर खुलं झालं! तीन वर्षं आपला एकही माणूस त्या पाण्यापर्यंत पोचू शकला नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावात जीव आला. पुढं 4 ऑगस्ट 1927 ला त्याच नगरपालिकेनं आपलाच ठराव मागं घेतला. बोले ठरावाला बरोबर चार वर्षं झाली तोच दिवस! प्रकरण कोर्टात गेलं. तळं कुणाच्या मालकीचं, वहिवाट किती जुनी, हे सगळं कागदोपत्री लढवावं लागलं. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला तो 17 मार्च 1937 ला.

यातून मी एवढंच शिकलो. ठराव म्हणजे पाणी नव्हे. ठराव झाल्यावर तळ्यापर्यंत चालत जावं लागतं, आणि कागदही सांभाळावा लागतो.

आता आपल्या घरचं बोलतो. कुणाला लागलं तर माफ करा, पण पहिला दोष माझाच आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकानं याच हॉलमध्ये विचारलं होतं, ‘वस्तीसाठी निधी आहे. कमान पाहिजे की अभ्यासिका?’ चौदा एप्रिल तोंडावर आला होता. आपण सगळे एका आवाजात ‘कमान’ म्हणालो. पहिल्यांदा हात वर करणारा मीच. कमान झाली, रोषणाई झाली, फोटो निघाले. त्याच वर्षी माझी धाकटी दहावीला होती. दोन खोल्यांत सहा माणसं, त्यात टीव्ही. ती पुस्तक घेऊन विहाराच्या पायरीवर बसायची. एका रात्री मी पाळीवरून येताना तिला तिथं पाहिलं. ती म्हणाली, ‘पप्पा, कमानीत बसून अभ्यास करता येत नाही ना.’ तिनं चेष्टेनं म्हटलं, पण मला रात्रभर झोप आली नाही. कमान वाईट नाही. तिच्यावर बाबासाहेबांचं नाव आहे. पण ज्यांचं नाव लिहिलं, त्यांनी मुंबईच्या चाळीतल्या एका खोलीत, पहाटे उठून अभ्यास केला होता, हे आम्ही त्या दिवशी विसरलो.

दुसऱ्या वेळी शहाणे झालो. अभ्यासिका मागितली. नगरपालिकेच्या सभेत ठराव झाला. आपण पेढे वाटले आणि घरी बसलो. 31 मार्च आला आणि पैसा खर्च झाला नाही म्हणून परत गेला. का? तर जागेचा उतारा जोडलेला नव्हता. जागा नगरपालिकेची की सरकारची, हेच फायलीत नक्की नव्हतं. वर्षभर ती फाईल एका टेबलावर पडून होती आणि आपल्यातला एकही माणूस विचारायला गेला नाही. साहेबांना दोष द्यायचा तो देऊ, पण आपण पेढे खाऊन झोपलो होतो, हेही खरं.

आमच्या रिंग खात्यात धागा तुटला की सायडरनं तिथल्या तिथं सांधायचा असतो. नाही सांधला तरी मशीन चालूच राहतं, पण त्या धाग्याचा कापूस नुसता वाया जातो. निधीचं तसंच आहे. ठराव, अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा, कार्यादेश, काम, बिल असा हा लांब धागा आहे. कुठंही तुटू शकतो. आपण उभं राहून बघितलं तरच सांधता येतो.

बघायचं कसं? माहितीचा अधिकार 2005 पासून आहे. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपये फी. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तीही नाही. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ठरावाची प्रत मागा, अंदाजपत्रक मागा, मोजमाप पुस्तकाची नक्कल मागा. तिसऱ्या वेळी आपण हेच केलं. आधी जागेचा उतारा काढला, मग अर्ज दिला. काम सुरू झाल्यावर आपल्या महिला मंडळाच्या भगिनी अंदाजपत्रकाची प्रत आणि टेप घेऊन पायावर उभ्या राहिल्या. काँक्रीट कागदावर होतं त्यापेक्षा कमी जाडीचं निघालं. त्यांनी भांडण केलं नाही, शिवी दिली नाही. कागद दाखवला. ठेकेदाराला ते परत करावं लागलं. ज्या भगिनी कधी नगरपालिकेची पायरी चढल्या नव्हत्या, त्यांना आज तिथले कारकून ‘या ताई, बसा’ म्हणतात.

कुणी म्हणतात, आपला माणूस निवडून आला की सगळं होईल. 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून अमलात आली, तिनं पालिकांत आपल्या लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा दिल्या. हे मोठं काम झालं. पण मधल्या काळात राज्यातल्या कितीतरी शहरांत निवडणुकाच झाल्या नाहीत, प्रशासक बसले. मुंबईत 7 मार्च 2022 ला मुदत संपली, त्यानंतर जवळजवळ चार वर्षं नगरसेवक नव्हते. माणूस असो नसो, वस्ती तर असतेच. म्हणून जागं राहायचं ते वस्तीनं.

भगवान बुद्धांनी महापरिनिब्बान सुत्तात वज्जी लोकांविषयी सांगितलं आहे. ते वारंवार सभा घेतात, एकोप्यानं जमतात, एकोप्यानं उठतात आणि एकोप्यानं काम करतात, तोवर त्यांची वाढच होईल, हानी होणार नाही. आपण जमतो जयंतीला आणि पौर्णिमेला. एकोप्यानं उठतोही. फक्त काम करायच्या वेळी चार जण उरतात.

अभ्यासिकेचा पाया झाला, भिंती छातीपर्यंत आल्या. छताचे पैसे पुढच्या अंदाजपत्रकात धरायचे आहेत, आणि आपल्यातच पुन्हा आवाज निघालाय की आधी कमानीला ग्रॅनाइट लावू. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता वंदनेनंतर इथंच बैठक आहे. माझी विनंती, प्रत्येक घरातून एक माणूस या आणि अभ्यासाला बसणाऱ्या मुलामुलींनाही आणा. या वेळी हात त्यांना वर करू द्या. मी माझा हात एकदा चुकीच्या वेळी वर केला आहे, म्हणून हे बोलायचा मला अधिकार आहे असं समजतो.



नमो बुद्धाय! जय भीम!