सहाव्या जागेवर



गडचिरोलीतल्या या परिषदेत आपले मनापासून स्वागत. स्वागताध्यक्ष विद्वान असावा अशी अट नसते. त्याच्या ओळखीने सभागृह मिळावे आणि आचारी वेळेवर यावा, एवढीच अपेक्षा असते. दोन्ही झाले आहे, म्हणजे माझे काम खरे तर संपले. पण हाती माईक आलेला निवृत्त मास्तर लगेच खाली बसत नाही, हे संयोजकांच्या ध्यानात आले नसावे.

अमिनो आम्ले आणि जनुके हा आपला विषय ऐकायला भारदस्त आहे, पण दुपारच्या पंगतीत तो ताटातच वाढला जाणार आहे. भातात लायसिन कमी आणि डाळीत मेथिओनिन कमी. वरण-भात एकत्र खाल्ला की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. याच जिल्ह्यात धान उभे असतानाच बांधीतल्या ओलीवर लाखोळी शिंपतात. तिच्या दाण्यात एक असे अमिनो आम्ल असते, जे शरीराच्या प्रथिनांत बसत नाही आणि मज्जातंतूंना मात्र बाधते. दुष्काळात महिनोन्महिने ज्यांना दुसरे काही मिळालेच नाही, त्यांचे पाय त्या डाळीने कायमचे आखडले. पुढे तिच्या विक्रीवर बंदी आली, वादही झाले. लाखोळी घरोघरी शिजत राहिली. अधूनमधून थोडी खाल्ली तर बिघडत नाही. तरी आजच्या स्वयंपाकात ती नाही, पाहुण्यांनी निर्धास्त जेवावे.

लाखोळीचा दोष ताटातून येतो, ताट बदलले की टळतो. आमच्या भागाचे खरे दुखणे रक्तातून येते. मी सिकलसेलविषयी बोलतो आहे. सिकल म्हणजे विळा, आमच्या बोलीत इळा. धान कापायचा इळा इथे प्रत्येक घराच्या कुडाला खोचलेला असतो, त्यामुळे त्या पेशीचा आकार आम्हाला समजावून सांगावा लागत नाही. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० साली या पेशींचे वर्णन छापले, ते ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तावरून. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. आणि १९५६-५७मध्ये केंब्रिजला व्हर्नन इन्ग्राम यांनी नेमकी जागा शोधली. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांतल्या सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेले असते. जनुकात ‘जीएजी’चे ‘जीटीजी’ झालेले असते. बस्स, एक अक्षर.

ग्लुटामिक आम्लाला पाणी आवडते, व्हॅलिनला नाही. प्राणवायू सोडून दिल्यावर हे व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन अडकते, तो पुढच्याला अडकतो, दोऱ्या वळल्या जातात आणि गोल पेशीचा इळा होतो. एकशेवीस दिवस जगणारी तांबडी पेशी मग दहा-वीस दिवसांतच संपते. उरलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे ठणकू लागतात.

हे सगळे मी चौतीस वर्षे बारावीच्या वर्गात फळ्यावर काढले. एका वर्षी तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. रोवणीच्या दिवसांत हमखास गैरहजर. विचारले तर म्हणायची, “सर, हाडं दुखतेत.” मी ते रोवणीला जाण्याचे निमित्त धरले आणि एकदा वर्गासमोर बोललोही. हजेरीपटावर लाल शाई माझीच होती. ती रोवणीला जात होती हे खरेच. पण दिवसभर गार चिखलात उभे राहून, पावसात भिजून, पाणी न पिता पऱ्हे लावले की तिचे रक्त आत काय करीत होते, तेच मी फळ्यावर काढत होतो. सहामाहीत तिने ग्लुटामिक आणि व्हॅलिनचे उत्तर अचूक लिहिले. मी पैकीच्या पैकी गुण दिले. पुढे एका शिबिरात तिचा अहवाल आला, एसएस, म्हणजे सिकलसेलचा आजार. तो हातात घेऊन ती मला भेटायला आली तेव्हा ती रडली नाही. “म्हणजे मी खोटं नव्हती बोलत,” एवढेच म्हणाली.

तेव्हापासून माझा अंदाज असा आहे की आपल्याकडे ज्ञान कमी नाही. ते ज्याच्या अंगात दुखते त्याच्यापाशी पोहोचत नाही. एक नमुना सांगतो. आईवडील दोघेही वाहक, म्हणजे एएस, असतील तर चारात एक, असे आपण सांगतो. गावात त्याचा अर्थ घेतात की एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुटली. तसे नाही हो! प्रत्येक बाळंतपणाला हिशेब पुन्हा पहिल्यापासून. नाणे मागच्या वेळचे काही लक्षात ठेवत नाही. आणि एएस म्हणजे आजारी, असे समजून मुलीचे ठरलेले लग्न मोडते. तिथे मात्र मुलाचा अहवाल कोणी मागत नाही. वाहक माणसाने शेती करावी, संसार करावा, म्हातारे व्हावे. प्रश्न येतो तो दोन वाहकांच्या जोडीचा.

शिवाय हे ‘खराब रक्त’ नव्हे. अँथनी अॅलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतून दाखवून दिले की वाहकांना जिवावर बेतणाऱ्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. जिथे पिढ्यान्‌पिढ्या डास होते तिथे हे जनुक टिकले. आमचे जंगल त्याला अपवाद नाही, आणि मलेरियाही अजून गेलेला नाही. आणखी एक. हा केवळ आदिवासींचा आजार, असा समज बाहेर आहे. विदर्भात तो अनेक जातीजमातींत आहे.

उपचारांविषयी उद्या जाणकार बोलतील, मी घाईत उरकतो. हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवते आणि वेदनेचे झटके कमी करते. २०१७ साली अमेरिकेत एल-ग्लुटामिन या औषधाला मान्यता मिळाली. एका अमिनो आम्लाने केलेल्या अडचणीवर दुसरे अमिनो आम्ल! त्याचा उपयोग किती, यावर मतभेद आहेत. २०२३च्या अखेरीस जनुक-संपादनाचा उपचार ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाला. गंमत म्हणजे तो सहाव्या जागेला हातच लावत नाही. बाळपणी बंद पडलेले तेच गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन तो पुन्हा सुरू करतो. अमेरिकेतली किंमत सुमारे बावीस लाख डॉलर. आपल्याकडचे राष्ट्रीय निर्मूलन अभियान त्याच वर्षी जुलैमध्ये सुरू झाले, सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवून. भारतातल्या रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त आढळते, म्हणून इथला आजार सौम्य, असे काही पुस्तकांत वाचाल. विदर्भातली सगळी मुले त्या पुस्तकाप्रमाणे वागत नाहीत.

तेव्हा संशोधकांना स्वागताध्यक्ष या नात्याने एक आगाऊ विनंती. आपल्या सादरीकरणात एक तरी पान असे असू द्या, की जे आशाताई उद्या संध्याकाळी एखाद्या ओट्यावर बसून सांगू शकेल.

आता व्यवस्थेच्या सूचना. पाण्याचे माठ दोन्ही दारांशी आहेत, बाटल्या मुद्दाम ठेवलेल्या नाहीत. एटापल्ली आणि धानोऱ्याकडून रुग्ण आणि त्यांचे आईवडील एसटीने येत आहेत. गाडी सव्वाअकराच्या सुमारास पोहोचेल. पहिल्या दोन रांगांतल्या खुर्च्या त्यांच्यासाठी आहेत. तिथे बसलेल्या मान्यवरांनी कृपया मागे सरकावे, म्हणजे उद्घाटकांना दीपप्रज्वलनासाठी बोलावता येईल.