पट किती, खोल्या किती?



आम्ही मास्तर लोक. रोज पट हातांत घेणें हा आमचा धंदा. पटावर मुलें किती, हें सरकार विचारतें. त्यांना बसावयास जागा किती, हें आईबापांनीं विचारावें लागतें. याचा एक परदेशचा दाखला सांगतों.

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यांत प्रिन्स एडवर्ड हा शेतकऱ्यांचा जिल्हा. तेथें गोऱ्यांच्या शाळा निराळ्या, काळ्यांच्या निराळ्या असत. फार्मव्हिल गांवीं १९३९ सालीं काळ्या मुलांसाठीं मोटन हायस्कूल बांधलें, तें १८० मुलांपुरतें. १९५१ सालीं पट साडेचारशेंवर गेला. स्कूलबोर्डानें काय दिलें? डांबरी कागद ठोकलेलीं खोपटीं! पावसांत तीं गळत. थंडींत शेगडीजवळचा भाजे, दाराजवळचा कुडकुडे. जेवणघर नाहीं, प्रयोगशाळा नाहीं. गोऱ्यांच्या हायस्कुलांत मात्र सोयी होत्या.

२३ एप्रिल १९५१ रोजीं बार्बरा जॉन्स ही सोळा वर्षांची मुलगी पुढें झाली व मुलांनीं संप केला. ११७ मुलांच्या नांवें फिर्याद झाली. १९५३ सालीं नवी इमारत मिळाली. १९५४ सालीं वरिष्ठ कोर्टानें इतर फिर्यादींसह निकाल दिला कीं, रंगावरून शाळा वेगळ्या ठेवणें बेकायदा.

मग १९५९ सालीं जिल्ह्याच्या कारभाऱ्यांनीं शाळांना पैसाच मंजूर केला नाहीं. सरकारी शाळांस कुलपें लागलीं. गोऱ्यांनीं खासगी शाळा काढली; सुमारें सतराशें काळीं मुलें उघड्यावर पडलीं. कोणी नातेवाइकांकडे परगांवीं गेलीं, कित्येकांचें शिक्षण कायमचें तुटलें. १९६४ सालीं कोर्टाच्या हुकुमानें शाळा पुन्हां उघडल्या. जुन्या मोटन शाळेंत आज संग्रहालय आहे.

जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केलें. त्या मुक्त झालेल्यांच्या नातवंडां-पतवंडांना पुढें साध्या वर्गासाठीं झगडावें लागलें. कायद्यानें बेडी तुटते. शाळा मात्र डोळ्यांत तेल घालून आपणच राखावी लागते.

तेथें पट वाढूनहि खोल्या मिळाल्या नाहींत. आपल्याकडे २०२३ सालीं २० हून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार सरकारनें मांडला. पट वाढो वा घटो, गरिबाच्या पोरानें कोठें बसावें हें दुसराच ठरवितो. कारण आपण विचारीत नाहीं.

म्हणून पोर शाळेंत घातलें कीं आपलें काम संपलें, असें समजूं नका. शाळेंत या. पट किती, खोल्या किती, मास्तर किती, हें मोजा. कमी असेल तें ग्रामसभेंत उभें राहून मागा.