मुंबई की संभाजीनगर? सरकारी दंत महाविद्यालय निवडताना

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या रत्नागिरी-रायगडकडच्या मुलामुलींपैकी काहीजण दरवर्षी नीट परीक्षेत अशा टप्प्यावर येऊन थांबतात की, एम.बी.बी.एस. थोडक्यात हुकते, पण सरकारी दंत महाविद्यालयात जागा मिळण्याजोगे गुण पदरात असतात. मग पसंतीक्रमाचा अर्ज भरण्याची वेळ येते आणि घरात प्रश्न निघतो, मुंबईचे सरकारी दंत महाविद्यालय वर लिहायचे की छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे २०२३ पर्यंत ज्या शहराला आपण औरंगाबाद म्हणत होतो तेथील? प्रश्न निघतो असे म्हटले खरे, पण बहुतेक घरांत तो निघण्याआधीच सुटलेला असतो. मुंब्र्याला मामू राहतात, मीरा रोडला खाला आहे, तेव्हा मुंबई! आजचे माझे बोलणे या घाईने दिलेल्या उत्तराविषयी आहे. मुंबई वाईट आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. पाच वर्षांचा निर्णय मामूंच्या पत्त्यावरून होऊ नये, एवढेच म्हणणे आहे.

त्याआधी एक गोष्ट थोडक्यात बोलून टाकतो. ‘डॉक्टर नाही झाला, दाताचा झाला’ असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते आणि मुलाच्या देखत बोलले जाते. या देशात दंतवैद्यकाचे पहिले महाविद्यालय १९२० साली कलकत्त्यात उघडले ते डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी. बंगालचा हा मुलगा शिकायला आधी अलिगढला गेला, तेथून अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात, आणि परत येऊन त्याने हे महाविद्यालय उभे केले. पुढे १९४९ मध्ये ते त्यांनी सरकारच्या स्वाधीन केले. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ज्या विद्येचा पायाच आपल्यातल्या एका माणसाने घातला, तिला दुय्यम म्हणण्याचा अधिकार निदान आपल्याला तरी नाही. असो.

आता मूळ विषय. कागदावर पाहिले तर या दोन महाविद्यालयांत फरक असा नाहीच. दोन्ही राज्य सरकारची. दोन्ही नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली. तेव्हा अभ्यासक्रम तोच, विद्यापीठाची प्रश्नपत्रिका तीच, चार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप हा हिशेबही तोच. पदवीच्या कागदावर नाव विद्यापीठाचे येते आणि नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडेच होते. पुढे एम.डी.एस. करायचे तर त्यासाठी वेगळी नीट परीक्षा आहे, आणि तिच्यात कोणी कोठून बी.डी.एस. केले याला एकही गुण नाही. आखातात जाण्याचा विचार असेल, आणि आपल्या भागात तो असतोच, तर तेथील परवान्यासाठी पदवीची पडताळणी होते, परीक्षा होते, पदवीनंतरचा कामाचा अनुभव विचारला जातो. दुबईच्या परीक्षेत मुंबईच्या मुलाला सोपा पेपर आणि संभाजीनगरच्या मुलाला कठीण, असे काही होत नाही.

मग आपल्याकडे संभाजीनगरचे नावच कोणी का काढत नाही? याला एक जुने कारण आहे. २०२० पर्यंत वैद्यकीय व दंत प्रवेशाला प्रादेशिक कोटा होता. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन भाग होते. त्या त्या भागातील सत्तर टक्के जागा तेथल्याच मुलांना आणि तीस टक्के साऱ्या राज्याला. कोकणातल्या मुलाला मराठवाड्याची जागा मिळणे त्यामुळे दुरापास्त होते, आणि वडीलधाऱ्यांनी ते दार मनातून बंद करून टाकले. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने हा कोटा रद्द केला. आता राज्याच्या वाट्याच्या सगळ्या जागा एकाच राज्यव्यापी गुणवत्ता यादीने भरतात. दार उघडले, पण आपली सवय जुनीच राहिली.

फरक कोठे पडतो, तर मुलाच्या दिवसात आणि त्याच्या हातात. पहिल्या दोन वर्षांत शरीररचना, शरीरक्रिया, औषधशास्त्र हे विषय असतातच. पण त्याच्या जोडीला मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरणे, प्लास्टरचे साचे ओतणे, कवळीचे दात मांडणे, नकली जबड्यावर दात पोखरून भरणे, ही सारी कारागिरी शिकावी लागते. हे वर्गात संपत नाही. रात्री खोलीवर दिवा लावून पुन्हा पुन्हा करावे लागते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी रोगी समोर बसतो. प्रत्येक विभागात नेमून दिलेली कामे पुरी करावी लागतात, इतक्या दाढा काढल्या, इतके दात भरले, इतक्या कवळ्या बसवल्या. विद्यार्थी त्याला ‘कोटा’ म्हणतात. रोगी मिळाला नाही किंवा खुर्ची मोकळी झाली नाही, तर मूल हुशार असूनही मागे राहते.

आता मुंबईचे पाहा. महाविद्यालय सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या शेजारी. जागा मोक्याची, नाव जुने, शहरातली सगळी मोठी रुग्णालये, परिषदा आणि ग्रंथालये हाताशी. मुंबईतच राहणाऱ्या, अर्ध्या-पाऊण तासात घरी पोहोचणाऱ्या मुलाने दुसरीकडे पाहू नये, असे मी स्वच्छ सांगतो. पण आपल्या चिपळूणच्या किंवा श्रीवर्धनच्या मुलाचे तसे नाही. वसतिगृहात खोली मिळाली तर उत्तम. ती न मिळता मुंब्र्याहून लोकलने ये-जा करायची झाली, तर रोजचे अडीच-तीन तास गाडीत जातात, तेही दरवाजाला लटकून. मामूंच्या दोन खोल्यांत रात्री अकराला प्लास्टर कालवायला कोण देणार? मामी कितीही मायेची असली तरी तिच्या ओट्यावर मेणाचा वास आणि पांढरी भुकटी किती दिवस चालेल? नातेवाइकांच्या घराला मी कमी लेखत नाही. पाहुणा म्हणून आठ दिवस राहणे आणि विद्यार्थी म्हणून पाच वर्षे राहणे यांत अंतर आहे. शिवाय मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहेच, तेव्हा शहरातले रोगी दोन मोठ्या ठिकाणी वाटले जातात.

संभाजीनगरचे महाविद्यालय १९८२ सालचे. ते ‘घाटी’च्या, म्हणजे तेथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयाच्या परिसरात आहे. मराठवाड्यात खासगी दंत महाविद्यालये आहेत, पण इतकी वर्षे सरकारी दंत महाविद्यालय म्हणून आठही जिल्ह्यांची नजर जाते ती याच ठिकाणी. जालना, बीड, परभणीकडचा माणूस दाढ ठणकू लागल्यावर लगेच निघत नाही. शेतीचे काम आटोपून, एस.टी.चे भाडे जमवून तो येतो, तोवर दाढेचे दुखणे जबड्यापर्यंत गेलेले असते. तंबाखू आणि गुटख्याने तोंड आखडलेली तरुण मुले येतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण तोंडे काही उघडलेली नाहीत. नांदेड जिल्ह्यातील काही भागांत पाण्यात फ्लोराइड जास्त, त्यामुळे दातांवर तपकिरी डाग पडलेली माणसे त्या बाजूला पाहायला मिळतात. पुस्तकातले चित्र समोर खुर्चीत बसते, हा शिकणाऱ्याचा लाभ आहे. रोग्याच्या दृष्टीने ही दुःखाची गोष्ट आहे, हे मी विसरलेलो नाही.

भाषेचाही मुद्दा आहे. तेथे एक रोगी मराठवाडी मराठीत बोलतो, पुढची म्हातारी दखनी उर्दूत. आपल्या कोकणी मुलाला मराठी घरची आणि उर्दू मदरशातली, दोन्ही येतात. रोग्याची हकीगत विचारून घेणे हे अर्धे निदान असते, आणि तेथे आपली मुले इतरांपेक्षा सरस ठरू शकतात. आपल्या सोपाऱ्याच्या डॉ. रफीक झकेरिया यांनी १९६३ साली त्याच शहरात मौलाना आझाद महाविद्यालय काढले. तेव्हा कोकणी माणसाला ते शहर परके आहे, असे म्हणायला जागा नाही. नमाज, हलाल जेवण, रमजानची सहेरी, याची काळजी आया मला फार विचारतात. खरे सांगू का, त्या शहरात तरी ही काळजी सर्वांत शेवटी करावी.

मुलींविषयी थोडे थांबून बोलतो, कारण निर्णय तेथेच फिरतो. मुलगी गुणवत्तेने संभाजीनगरला लागते आणि घरचे म्हणतात, इतके लांब नको, जवळच्या खासगी महाविद्यालयात घालू. म्हणजे दरवर्षी लाखांत फी भरायची, त्यासाठी अब्बांनी आखातात आणखी वर्षे काढायची, किंवा शेवटी बी.एस्सी.वर भागवायचे. लांब म्हणजे किती? मुंबईहून रेल्वेने सुमारे पावणेचारशे किलोमीटर. देवगिरी एक्स्प्रेसने रात्री निघाले की पहाटे उतरता येते. रत्नागिरीहून मुंबईही साडेतीनशेच्या घरात आहेच. कोकणातून सरळ गाडी नाही, मुंबईत गाडी बदलावी लागते, हा त्रास खरा आहे आणि तो मी लपवत नाही. पण वर्षातून चार-पाच वेळा होणारा त्रास आणि रोजचा लोकलचा त्रास एका तराजूत घालून पाहा. मुलींच्या वसतिगृहाची चौकशी स्वतः जाऊन करा, अधीक्षकांना भेटा, आईलाही बरोबर न्या. ऐकीव माहितीवर मुलीची जागा सोडू नका. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल गटातील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना केंद्रीय प्रक्रियेने व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यास शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, हेही ध्यानात असू द्या.

मग मी कोणते वर लिहावे म्हणतो? मुंबईत वसतिगृह नक्की असेल किंवा स्वतःचे घर जवळ असेल, तर मुंबई. नातेवाइकांकडे राहून लांबून ये-जा करायची असेल, तर संभाजीनगर. हे माझे मत. ते डोळे मिटून घेऊ नका. अर्ज भरण्याआधी दोन्ही ठिकाणी एकेक सोमवार सकाळ काढा. बाह्यरुग्ण विभागात केस पेपरची रांग पाहा, किती खुर्च्या चालू आहेत आणि किती कापड टाकून झाकल्या आहेत ते मोजा. इंटर्नशिप करणाऱ्या मुलाला चहाला न्या आणि विचारा, बाबा, तू आजवर स्वतःच्या हाताने किती दाढा काढल्यास? रूट कॅनल किती केलेस? तो जे सांगेल ते कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते. हीच कसोटी नायरला लावा, नागपूरच्या सरकारी महाविद्यालयाला लावा.

अर्जाविषयी एक गैरसमज दूर करतो. ‘मिळणार नाही’ म्हणून हवे ते महाविद्यालय खाली आणि सहज मिळणारे वर लिहिण्याची खोड आहे. यंत्रणा तुमच्या क्रमांकावर वरून खाली उतरत जाते आणि गुणांना जे पहिले बसेल ते देते. वरचे न मिळाल्याने खालच्यावरचा हक्क जात नाही. तेव्हा मनात जो क्रम आहे तोच लिहा. मिळालेली जागा कायम ठेवण्याचा अर्ज एकदा भरला की पुढच्या फेरीत नाव जात नाही, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय त्यावर सही करू नका.

राज्याच्या वाट्याच्या या पंचाऐंशी टक्के जागांसाठी अधिवास लागतो आणि सर्वसाधारणपणे दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावी लागतात. आखातातील बंधूंनो, हे नीट ऐका. मूल कुवेतला दहावी करून बारावीला गावी आले, तर ते गुणवान असूनही राज्याच्या यादीबाहेर पडण्याचा धोका आहे. त्याला मग देशभरच्या पंधरा टक्क्यांत झगडावे लागते. परतायचे असेल तर नववीलाच आणा. ज्यांच्या बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत, मोमीन, बागवान, तांबोळी वगैरे, त्यांनी जातीचा दाखला, पडताळणी आणि नॉन-क्रीमीलेअर ही तिन्ही कागदपत्रे अकरावीतच हाती घ्यावीत. आणि नावे एकसारखी करा! एका दाखल्यावर मोहम्मद, दुसऱ्यावर मुहम्मद, तिसऱ्यावर नुसते मोहं. असले, की पडताळणीच्या टेबलावर मुलाला घाम फुटतो.

शेवटी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांपुढे एक मागणी ठेवतो. सरकारी फी परवडली तरी हत्यारे, एअरोटरचा हँडपीस, साच्याचे साहित्य, नकली दात हे विद्यार्थ्याला स्वतः घ्यावे लागते आणि त्याला वजीफा सहसा पुरत नाही. पास होऊन गेलेल्या मुलांची चांगल्या स्थितीतली हत्यारे गोळा करून संस्थेत एक पेटी ठेवावी आणि कमी पडेल ते जकात व इमदादच्या रकमेतून घ्यावे. पेटीच्या वहीत घेणाऱ्याचे नाव, तारीख आणि परत करण्याचे वर्ष लिहिले जावे. माझ्याकडचे जुने दोन संच मी येताना गाडीत घालून आणले आहेत. सभा संपल्यावर ते कार्यालयात देतो.