नव्या ड्रायव्हरने मालक केव्हा सोडावा?



या व्यासपीठावर मोठमोठ्या विद्वानांची भाषणे होतात. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण मोटार-कामगारांच्या युनियनच्या कचेरीत, लोकांचे हिशेब तपासता तपासता झाले. तेव्हा विषयही तिथलाच घेतला आहे. आपल्या नाशिकमधून मुंबई-आग्रा रस्ता जातो. जड वाहनाचा परवाना नुकताच हाती आलेली आपल्याच गल्लीतली मुले त्यावर ट्रक चालवतात, आणि सहा महिने झाले नाहीत तोच आम्हांला विचारायला येतात, "काका, हा मालक सोडू का?"

आम्ही उलट विचारतो, "उचल किती आहे?"

उचल म्हणजे कामावर ठेवताना मालकाने दिलेली आगाऊ रक्कम. बहिणीचे लग्न असते, घरावर पत्रे टाकायचे असतात. पोरगा पैसे घेतो. ते पगारातून कापून जायचे असतात. परंतु टायर फुटला, मालात तूट आली, चलान झाले, की तेही त्याच खात्यावर चढते, आणि वर्ष उलटले तरी आकडा हलत नाही. मग एखाद्या ढाब्यावर दुसरा मालक भेटतो. "तुझी उचल मी फेडतो, वर दहा हजार घे." पोराला वाटते, सुटलो! प्रत्यक्षात जुने कर्ज नव्या वहीत गेले आणि दहा हजारांनी वाढले. दोन वर्षांत तीन मालक करणारी मुले बहुधा याच वाटेने गेलेली आम्ही पाहिली आहेत.

म्हणून आमचे म्हणणे असे की, उचलीसाठी मालक बदलू नये. हजार-पाचशे जास्त पगारासाठीही पहिल्या वर्षात घाई करू नये. कसारा घाट भरल्या गाडीने खालच्या गिअरात कसा उतरावा, ब्रेक तापू कसे द्यायचे नाहीत, हे पुस्तकात वाचून येत नाही. एकाच गाडीवर काही महिने काढले म्हणजे तिच्या ब्रेकचा अंदाज पायाला येतो. शेजारी जुना उस्ताद असेल तर तो पगाराहून मोलाचा.

पण काही मालकांकडे एक दिवसही राहू नये. लासलगावचा कांदा रात्रभर चालवून न्हावाशेव्याला पोहोचवला, तिथे रांगेत दिवस गेला, आणि फोनवर हुकूम येतो, "खाली कर आणि लगेच परत नीघ." असे एकदा झाले तर समजू शकते, दर फेरीला होत असेल तर ती नोकरी जिवावर बेतणारी आहे. ब्रेकची तक्रार ऐकून न घेणारा आणि मूळ परवाना स्वतःच्या खणात ठेवून घेणारा, हे दोघेही त्याच पंगतीतले. (१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले. चांगले झाले.)

कायद्याचे विचाराल तर १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास लिहिले होते. तो पाच किंवा अधिक कामगारांच्या धंद्याला लागू होता. एक-दोन ट्रकांच्या मालकापर्यंत तो सहसा पोहोचलाच नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या संहितेने घेतली. तास मोजायला केबिनमध्ये तेव्हाही कोणी बसत नव्हते आणि आताही बसत नाही. मात्र एक कायदा प्रत्येक पोराने ध्यानात ठेवावा. उचल फिटेपर्यंत दुसरीकडे कामच करायचे नाही अशी सक्ती १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात बसते. मालकाने पैसे मागावेत. माणूस अडकवून ठेवता येत नाही.

सोडायचे ठरले तर रीतीने सोडावे. भरलेली गाडी रस्त्यात टाकून पळू नये; त्याने चोरीचा आळ येतो. घेतलेली उचल, कापलेली रक्कम, मिळालेला भत्ता, सारे तारखेवार स्वतःच्या वहीत असावे. शेवटच्या हिशेबावर मालकाची सही घ्यावी. भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल तर जुनाच यूएएन क्रमांक नव्या ठिकाणी द्यावा.

समोर काही वाहतूकदारही बसलेले दिसतात. त्यांना एवढेच सांगतो की, नव्या वेतनसंहितेप्रमाणे काम सोडणाऱ्याचा पगार कामाच्या दोन दिवसांत चुकता करावा लागतो. "पुढच्या महिन्यात ये" हे उत्तर घेऊन आमच्या कचेरीत आलेली तीन मुले आज मागच्या रांगेत बसली आहेत. भाषणानंतर त्यांच्या वह्या कोणीही पाहाव्यात.