वाचन : ढालीसाठी की गोडीसाठी?

(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवानिमित्त परिसरातील शाळांमधून सर्वाधिक पुस्तके वाचणाऱ्या विद्यार्थ्यास चांदीची ढाल द्यावी, असा विश्वस्तांचा मानस आहे. त्यामागील सद्भावनेविषयी पूर्ण आदर बाळगूनच, ती ढाल देऊ नये, अशी विनंती करण्यास मी उभा आहे.

ही कल्पना जगात नवी नाही. अमेरिकेत १९८४ साली ‘पिझ्झा हट’ या कंपनीने शाळांसाठी एक योजना सुरू केली. शिक्षकांनी ठरवून दिलेले महिन्याचे वाचन पूर्ण करणाऱ्या मुलास एक छोटा पिझ्झा मोफत मिळे. योजना अतिशय लोकप्रिय झाली. परंतु त्यापूर्वीच, १९७३ साली, लेपर, ग्रीन व निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतील काही मुलांना, चित्र काढल्यास सोनेरी मोहोर व फीत लावलेले प्रमाणपत्र मिळेल, असे आधी सांगण्यात आले. एक-दोन आठवड्यांनी पाहिले, तेव्हा ही मुले स्वेच्छेने चित्रकलेस देत असलेला वेळ इतर मुलांच्या सुमारे निम्म्यावर आला होता. ज्यांना तेच प्रमाणपत्र अनपेक्षितपणे मिळाले, त्यांची गोडी मात्र टिकून होती. तो प्रयोग चित्रांचा होता, वाचनाचा नव्हे, हे मान्य. तरीही ढालीसाठी वाचणारा मुलगा पातळ पुस्तके आधी निवडील, हे समजण्यास मानसशास्त्रज्ञाची गरज नाही!

आपल्या राज्यात २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन, १५ ऑक्टोबर, ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. उपक्रम स्तुत्य आहे. पण त्याच तारखेस जागतिक हात धुवा दिनही येतो, सत्र परीक्षा व दिवाळीची सुटी तोंडावर असते. एक तास वाचन, छायाचित्र, अहवाल. आणि दुसऱ्या दिवशी कपाटाला कुलूप.

त्या कुलपाची कथा थोडी सांगितली पाहिजे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि त्यात गोष्टींची पुस्तकेसुद्धा असावीत, असे सांगितले. पुस्तके बहुतेक ठिकाणी आलीही. परंतु ती नोंदवहीत चढली, की त्यांचा हिशेब शिक्षकाच्या माथी येतो. पुस्तक फाटले वा हरवले तर जाब कोणी द्यायचा? म्हणून किल्ली टेबलाच्या खणात राहते. यात शिक्षकांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. त्यांच्या डोक्यावरील ही भीती कोणी तरी उचलली पाहिजे, आणि ते काम आपल्या ट्रस्टला सहज साधण्यासारखे आहे.

सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकन ग्रंथपाल बोर्डन यांना बडोद्यास पाचारण केले. पुढे तेथून खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. एका गावचे वाचून झाले, की पेटी पुढच्या गावी. शंभर वर्षांपूर्वी जे बैलगाडीच्या वाटेवर जमले, ते आज आपल्या पाच-सहा शाळांमध्ये का जमू नये?

तेव्हा माझी सूचना अशी. ढालीच्या रकमेतून वर्गागणिक एक पेटी करावी. पुस्तके मुलांच्या हातात राहावीत, दर महिन्याला पेट्या शाळाशाळांतून फिराव्यात. हरवलेल्या पुस्तकाची किंमत ट्रस्टने भरावी व शिक्षकांस तसे लेखी कळवावे. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून एक तासिका केवळ वाचनासाठी राखावी. त्या तासाला प्रश्नपत्रिका नको, सारांशलेखन तर नकोच. लहान वर्गांना शिक्षकांनी मोठ्याने वाचून दाखवावे. पुस्तक आवडले नाही, तर अर्ध्यावर ठेवून देण्याची मुलांना मोकळीक असावी; आपण मोठी माणसेही तेच करतो.

विश्वस्तांनी होकार दिल्यास पुस्तकांची निवड करण्यासाठी येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता मी कार्यालयात हजर राहीन. सोबत दोन शिक्षक आणि सातवी-आठवीतील चार मुले-मुली असाव्यात, एवढीच अट.