उंबरठ्याच्या आंतलें फडताळ

श्रोत्यांपैकीं ज्यांचें बालपण एखाद्या जुन्या वाड्यांत गेलें असेल, त्यांना फडताळ म्हणजे काय हें सांगावयास नको. वाड्याच्या भिंती हात-दीड हात जाड. त्या जाडींतच चौकट बसवून फळ्या घातल्या व झडपा लावल्या, कीं कपाट तयार होई आणि खोलींतली वीतभर जागाहि अडत नसे. हल्लींच्या इमारतींत खोल्यांमधल्या भिंती चार-सहा इंचांच्या. त्यांत फडताळ कोठून कोरणार? म्हणून दार उघडतांच चपलांचा ढीग, ओल्या छत्र्या, पिशव्या व हेल्मेटें पाहुण्याचें स्वागत करतात. आणि घरांत मावेनासा झाला कीं तोच ढीग जिन्याजवळच्या सामाईक जागेंत जाऊन बसतो. आग लागली तर पळावयाची वाट तीच, हें सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

ठाण्यांतील एका कुटुंबानें हा प्रश्न जुन्या सामानाच्या बाजारांतून सोडविला. त्यांच्या दारामागची बोळ ४ फूट रुंद व ७ फूट लांब. १५ इंचांहून खोल वस्तु तेथें ठेवली तर दोन माणसांस एकमेकांना चुकवून जातां येणार नाहीं, हें त्यांनीं जमिनीवर खडूनें रेघ ओढून आधींच पाहून ठेविलें. मुंबईस मटन स्ट्रीटवरचा चोर बाजार आहे, जोगेश्वरीस ओशिवऱ्याचा फर्निचरबाजार आहे. दोन्हींकडे डोळे दिपतील अशीं नक्षीचीं कपाटें उभीं असतात. पण कपड्यांचें जुनें कपाट बहुधा दोन फूट खोल. माप न घेतां गेलेला मनुष्य नेमकें तेंच घेऊन येतो!

या कुटुंबानें आणलें तें सागवानी जाळीचें कपाट, १४ इंच खोल. घरोघरीं फ्रिज येण्यापूर्वीं दूध-दुभतें असल्याच कपाटांत राहत असे. पायांखालीं पाण्याच्या वाट्या ठेवीत, म्हणजे मुंग्या चढत नसत. त्याच्या जोडीला १५ इंच खोल असा पेटीचा एक बाक मिळाला. घेण्यापूर्वीं खालीं पांढरा कागद अंथरून कपाट चांगलें ठोकून पाहिलें. पिठासारखी ताजी भुकटी पडली असती, तर आंत किडा जिवंत आहे असें समजून तें तेथेंच सोडावें लागलें असतें. सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाहीं. पण कडेचें फिकट लाकूड ती सोडीत नाहीं. बाकावर जुना हिरवा रंग होता. घरगुती रंगांतील शिसें दर दहा लाख भागांत ९० भागांवर आणणारा नियम भारतांत २०१६ सालीं झाला. त्याआधींच्या रंगांत तें कितीतरी अधिक असूं शकतें. म्हणून रंग कोरडा न खरवडतां, पाणी लावून, मुलांना दूर ठेवून घासून काढला.

वाद झाला तो निराळ्याच गोष्टीवरून. सुनेचें म्हणणें असें कीं, जाळींतून वारा खेळतो. पावसाळ्यांत ओल्या चपलांना बुरशी धरणार नाहीं. तेव्हां वहाणांना यासारखी जागा नाहीं. सासूबाई म्हणाल्या, “अग, ज्या कपाटांत कोणाच्या तरी घरचें दूध-लोणी राहिलें, त्यांत वहाणा कशा ठेवशील?” हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, वाऱ्याचें शास्त्र सुनेकडे होतें, तर वस्तूची आठवण सासूबाईंकडे. तोड निघाली ती सुताराकडून. त्यानें बाकाची पुढची फळी काढून तेथें नवी तारेची जाळी ठोकली. चपला बाकाखालीं गेल्या, वारा त्यांनाहि मिळाला, आणि बसून बूट घालण्याची सोयहि झाली.

हेंच फळकूट पुढें कामास आलें. कपाट व बाक शेजारी-शेजारी एकाच बैठकीवर उभे केले. पण ओळंबा सोडतांच भिंत पाऊण इंच कललेली दिसली. सुतार कपाटाच्या बाजूवरच रंधा मारूं लागला होता. घरधन्यानें त्यास थांबविलें. भिंत उद्यां पडेल, पुनर्बांधणीचे कागद इमारतींत फिरतच आहेत. कपाट मात्र पुढच्या घरीं जावयाचें. मग बाकाच्या त्या फळीच्या पट्ट्या कापून, भिंतीच्या कलाप्रमाणें तासून, फटींत बसविल्या. सरस कोठेंहि लावला नाहीं. सर्व काम स्क्रूंवर, म्हणजे जसें जोडलें तसें सोडतां येईल. ओल लागूं नये म्हणून पाठीमागें अर्धा इंच मोकळें ठेवलें. मुलें झडपांना लोंबकळतात, कपाट अंगावर येऊं शकतें. म्हणून वरून दोन लोखंडी पट्ट्यांनीं तें भिंतीशीं जखडलें. हें काम बाहेरून दिसत नाहीं, आणि म्हणूनच तें बहुतेक घरांत राहून जातें.

छत्र्यांसाठीं मात्र अजून जस्ताची बादलीच आहे. तिला शोभेल अशी जागा सुतारालाहि सांपडली नाहीं. कपाटाच्या खालच्या खणांत हेल्मेटें व पिशव्या, मधल्यांत किल्ल्या व वीजबिलें. वरचा खण पहांटे येणाऱ्या दुधाच्या पिशव्यांसाठीं. घरांतलीं माणसें उठून त्या फ्रिजमध्यें ठेवीपर्यंत दूध तेथें राहतें. तो खण सासूबाईंनीं आपल्या ताब्यांत ठेवला आहे, आणि तेथें दुसरी कोणतीहि वस्तु ठेवण्याची त्यांनीं अद्याप कोणास परवानगी दिलेली नाहीं.